दोन खुर्च्यांचा कायदा

आज आपण एक कायदा वाचणार आहोत. एखादी कादंबरी वाचताना जसं विचारतो, की या पात्राला लेखकाने आणलं तर आहे, पण त्याला काही करायला दिलंय का, तसा. कायदा आहे 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६' आणि पात्र आहे विद्यार्थी.

१ मार्च २०१७ पासून हा कायदा लागू झाला आणि १९९४ चा जुना विद्यापीठ कायदा गेला. यामागे बरीच तयारी होती. अरुण निगवेकर, अनिल काकोडकर आणि राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली तीन समित्या बसल्या होत्या, विधिमंडळात चर्चा झाली, मग कायदा आला. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट कुठली? महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका परत आल्या, ही. वर्तमानपत्रांत मथळे आले, विद्यार्थी संघटनांनी पेढे वाटले. म्हणजे ज्या कलमाचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, त्याच कलमाची पुढे सगळ्यात कमी अंमलबजावणी झाली. हे असं कसं होऊ शकतं, हा आजचा प्रश्न आहे. 'सरकारची इच्छाशक्ती नाही' एवढं म्हणून तो सुटत नाही. आमचं म्हणणं असं, की तो कायदाच अशा बेताने लिहिलाय की विद्यार्थी आला नाही तरी कुणाचंही काही अडत नाही.

आधी थोडा मागचा धागा. १९८० च्या दशकातल्या कॉलेज निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना 'सीआर', 'जीएस', 'यूआर', 'एलआर' ही अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. आज राजकारणात असलेली किती तरी मंडळी 'मी कॉलेजात जीएस होतो' हे भाषणात हमखास सांगतात. (निवडणुका बंद झाल्या त्या दिवसांत यातले किती जण बोलले, हा वेगळा विषय.) त्या निवडणुकांत पैसा होता, दादागिरी होती. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. महाराष्ट्र हादरला, आणि ते योग्यच होतं. मग १९९४ च्या कायद्याने उपाय काढला तो असा, की मतदान नकोच. मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आला तो वर्गप्रतिनिधी. नेमणूक प्राचार्य करणार. अशा नेमलेल्यांमधूनच पुढचे पदाधिकारी निवडायचे.

या उपायाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण त्याची सावली अजून गेलेली नाही. गुणपत्रिकेवर प्रतिनिधी ठरवणं म्हणजे प्रतिनिधित्व हे बक्षीस समजणं. पहिला आलेला विद्यार्थी हुशार असतो, बहुतेक वेळा सज्जनही असतो. पण ज्याची एटीकेटी लागली, ज्याचं पुनर्मूल्यांकन चार महिने अडकलं, ज्याची शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कॉलेजने गुणपत्रिका अडवली, त्याचं गाऱ्हाणं त्या पहिल्या आलेल्याने मांडायचं कशाच्या जोरावर? ज्यांच्या वतीने तो बोलणार त्यांनी त्याला पाठवलेलंच नाही. त्याला परीक्षेने पाठवलं, म्हणजे पर्यायाने विद्यापीठानेच. आपल्यावर देखरेख ठेवणारा माणूस आपणच निवडायचा, असा तो प्रकार होता आणि तो वीस वर्षांहून जास्त चालला.

दरम्यान देशाच्या पातळीवर लिंगडोह समिती झाली. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांचा अहवाल २००६ चा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिफारशी लागू करायचा आदेश दिला. पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२, संशोधकाला २८ पर्यंत, ७५ टक्के हजेरी, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, वर्ष सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत मतदान. या शिफारशींवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट त्या अहवालाने सरळ मान्य केली, की निवडणुका व्हायला हव्यात. महाराष्ट्राला तिथपर्यंत यायला आणखी दहा वर्षं लागली.

आता २०१६ चा मजकूर. विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट, ही कायद्याच्या भाषेत सगळ्या आर्थिक अंदाजांची आणि अर्थसंकल्पाची प्रमुख सभा. शिवाय विद्यापीठाला 'सामाजिक प्रतिसाद' देण्याचं कामही तिचंच. शब्द चांगला आहे. आता या सामाजिक प्रतिसादात समाज कोण कोण? संलग्न महाविद्यालयांचे दहा प्राचार्य. दहा अध्यापक, आणि विद्यापीठाच्या विभागांतले तीन. नोंदणीकृत पदवीधरांचे दहा. संस्थाचालकांचे सहा. मग अधिष्ठाते, संचालक, अधिकारी, कुलपतींनी नेमलेले लोक, आमदार. आणि विद्यार्थी? विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव. दोन.

दोन कमी का, यावर आम्ही फार रेंगाळणार नाही. आकडा वाढवून मागणं सोपं असतं, आणि दोनाचे चार झाले तरी पुढे जे सांगणार आहोत ते बदलत नाही. आकड्यापेक्षा मुदत पाहा. अधिसभेची मुदत पाच वर्षं. विद्यार्थी परिषदेची एक शैक्षणिक वर्ष. अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते, अर्थसंकल्पाची बैठक साधारण मार्चमध्ये. म्हणजे सगळं वेळेवर झालं, सप्टेंबरात निवडणूक झाली, तरी त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला अर्थसंकल्प आयुष्यात एकदाच येणार. तो जाडजूड दस्तऐवज हातात पडणार, त्यातलं कुठलं लेखाशीर्ष कुठे लपलंय हे कळायच्या आत बैठक संपणार, आणि पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी कोरं. शेजारी बसलेले प्राचार्य पाचही अर्थसंकल्प पाहणार. आणि मार्च म्हणजे परीक्षेचा महिना, हेही लक्षात घ्या. मुंबई विद्यापीठाची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत. कणकवलीच्या कॉलेजातली मुलगी निवडून आलीच, तर तिने रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, सभेत प्रश्न विचारायचा, परत गाडी पकडायची आणि पेपराला बसायचं. तिची हजेरी कोण धरणार, तिचा बुडालेला पेपर कोण घेणार?

निवडणुकीची रचना आणखी गमतीची आहे. कॉलेजमध्ये मतदान थेट. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी, आणि सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून निवडलेले चार जण: अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गाचा प्रतिनिधी. पण विद्यापीठ पातळीवर मतदान थेट नाही. तिथे कॉलेजांचे हे निवडून आलेले लोक मतदार. म्हणजे शेकडो कॉलेजांत विखुरलेले हजारो मतदार, सात-सात जिल्ह्यांत पसरलेले, एकमेकांना कधीही न भेटलेले. आणि वरून २०१८ साली आलेल्या निवडणूक परिनियमांची सगळी धाटणी अशी, की राजकीय पक्ष लांब ठेवा, त्यांची चिन्हं नकोत, मिरवणुका नकोत.

आता साधा हिशेब करा. पालघरच्या उमेदवाराला रत्नागिरीच्या मतदारापर्यंत पंधरा दिवसांत पोचायचंय. उघड प्रचाराला जागा नाही, पैशाला मर्यादा आहे. कोण पोचेल? ज्याच्यामागे प्रत्येक तालुक्यात आधीपासून माणसं बसलेली आहेत तो. म्हणजे पक्षाची संघटना. ज्या नियमांनी पक्षाला दारातून हाकललं त्यांनीच पक्षाशिवाय निवडून येणं अशक्य करून ठेवलं. एखाद्या अपक्ष मुलाने आपल्या कॉलेजात कितीही मतं घेतली, तरी विद्यापीठाच्या पायरीवर त्याला कुणाचा तरी हात धरावाच लागणार. यात पक्षांविषयी आमचा राग नाही. अठराव्या वर्षी देशाचं सरकार निवडणाऱ्याला राजकारणाचा विटाळ होऊ नये म्हणून जपणं हेच मुळात हास्यास्पद आहे. तक्रार एवढीच, की जे होणारच आहे ते उघड होऊ द्या, म्हणजे मतदाराला कळेल तरी.

आणि पक्ष अधिसभेत नाहीत असं कुठे आहे? पदवीधरांच्या दहा जागा पाहा. मुंबई विद्यापीठात २०१८ साली त्या दहाही युवासेनेने जिंकल्या. पुढची निवडणूक सप्टेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, ती ऐनवेळी थांबवली गेली. वर्षभराने परत तारीख लागली, मतदानाच्या तोंडावर परत स्थगिती. उमेदवार मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने मतदान घ्यायला लावलं, २४ सप्टेंबर २०२४ ला ते झालं आणि दहाच्या दहा जागा पुन्हा युवासेनेकडेच, या वेळी ठाकरे गटाच्या. निकाल कुणाच्या बाजूचा याच्याशी आम्हाला आज कर्तव्य नाही. पण एक फरक नोंदवायला हवा. पदवीधरांची निवडणूक थांबली तेव्हा आरडाओरडा झाला, कोर्टकचेरी झाली, शनिवारी-रविवारी वकील धावले. कारण तिथे संघटित हितसंबंध होता.

विद्यार्थ्यांच्या निवडणुकीचं काय झालं? २०१८ मध्ये परिनियम आले. २०१९ च्या पावसाळ्यात तयारी सुरू झाली, तर विधानसभेची निवडणूक समोर आली आणि कॉलेजच्या निवडणुका पुढे गेल्या. मार्च २०२० मध्ये कोविड. तोही सरला. वर्ग भरले, परीक्षा झाल्या, दीक्षान्त समारंभ झाले, पदवीधरांनी मतदान केलं. खुल्या विद्यार्थी निवडणुकांचा मुहूर्त मात्र काही लागला नाही. २०१७ मध्ये अकरावीत असलेली मुलं पदव्युत्तर होऊन नोकरीलाही लागली, ज्या हक्काचे पेढे वाटले होते तो एकदाही न वापरता.

आणि या काळात विद्यापीठं बंद पडली का? इथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. विद्यापीठाच्या कायद्यांत एक कलम ठरलेलं असतं. एखादी जागा रिकामी आहे एवढ्याच कारणाने सभेची कुठलीही कृती बेकायदा ठरणार नाही, अशा अर्थाचं. ते असण्यात चूक नाही. एक आमदार नेमला गेला नाही म्हणून विद्यापीठाचा अर्थसंकल्प अडू नये. पण कल्पना करा, की पाच वर्षं अधिसभेत एकही प्राचार्य नाही. चालेल? कलम तेच लागू होईल, सभा कायदेशीर ठरेल, पण दुसऱ्या दिवशी मंत्रालयात धरणं धरलं जाईल. प्राचार्यांची खुर्ची रिकामी राहिली तर दिसते. विद्यार्थ्याची दिसत नाही. गणपूर्ती त्याच्याशिवाय होते, ठराव त्याच्याशिवाय होतो, इतिवृत्त त्याच्याशिवाय कायम होतं. कायद्याने त्याला खुर्ची दिली, पण ती रिकामी ठेवण्याची किंमत कुणाकडून घेतली जाणार हे कुठेच लिहिलं नाही.

हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही हे सांगायला २०१७ चा उन्हाळा पुरेसा आहे. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख. यंत्रणेची पुरेशी चाचणी न घेता, अध्यापकांना पुरेसं शिकवून तयार न करता, एका दमात. राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. कुणाचा पदव्युत्तर प्रवेश गेला, कुणाची परदेशातली जागा गेली, कुणाच्या नोकरीचं पत्र गेलं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच पदावरून दूर करण्यात आलं. असं यापूर्वी इथे घडलेलं नव्हतं.

त्या दिवसांत निवडून आलेली अधिसभाच अस्तित्वात नव्हती. जुनीची मुदत संपलेली, नवीची निवडणूक व्हायची होती, ती झाली २०१८ मध्ये. अशा सभेत एक विद्यार्थी असता तर गोंधळ टळला असता असा दावा आम्ही करणार नाही. तो भाबडेपणा होईल. पण त्याने एक प्रश्न नक्की विचारला असता, कारण तो त्याच्याच पोटाचा होता: 'हे जमलं नाही तर माझा निकाल कधी?' प्राचार्याला, अधिष्ठात्याला, संस्थाचालकाला हा प्रश्न पडतो तो कारभाराचा म्हणून. विद्यार्थ्याला पडतो तो वर्षाचा म्हणून. सभेतल्या माणसांना एखादी गोष्ट किती तातडीची वाटते हे ती कुणावर कोसळणार आहे यावर ठरतं, आणि ज्याच्यावर कोसळणार तो त्या खोलीत नव्हता.

आता आक्षेपांकडे येऊ. हिंसेचा आक्षेप खरा आहे, पण तो पोलिसांचा आणि निवडणूक यंत्रणेचा विषय. सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुकांत डोकी फुटतात म्हणून कुणी संचालक गुणवत्ता यादीवरून नेमत नाही. 'विद्यार्थी तात्पुरता असतो' हा आक्षेप त्याहून जड वाटतो, त्याचं उत्तर पुढे देतो. सगळ्यात सोज्वळ दिसणारा आक्षेप तिसरा: विद्यार्थ्याचे हितसंबंध गुंतलेले असतात, शुल्काच्या विषयावर तो निःपक्षपाती कसा राहील? ऐकायला छान आहे. मग संस्थाचालकांच्या त्या सहा जागांचं काय करायचं? संलग्नतेचे, नव्या तुकड्यांचे, शुल्काचे विषय ज्या विद्यापीठात होतात तिथे ज्यांची स्वतःची कॉलेजं आहेत ते बसतात आणि त्याला आपण 'प्रतिनिधित्व' म्हणतो. अध्यापक बसतात, त्यांच्या सेवाशर्तींवर बोलतात, तेही प्रतिनिधित्व. हितसंबंध हा शब्द फक्त वीस वर्षांच्या पोरासाठी राखून ठेवलेला दिसतो.

कॉलेजच्या शुल्काची पावती काढून बघा एकदा. शिकवणी शुल्काच्या खाली बारीक बारीक ओळी असतात: ई-सुविधा, आपत्ती निवारण निधी, कुलगुरू निधी, क्रीडा व सांस्कृतिक, विद्यार्थी कल्याण. एकेक रक्कम चहा-वड्याच्या भावाची. पण लाखो विद्यार्थ्यांनी गुणा. या ओळींचा पैसा कुठे जातो, मागच्या वर्षी किती खर्च झाला, किती पडून राहिला, हे विचारण्याची जागा म्हणजे अर्थसंकल्पाची अधिसभा. आणि ज्यांच्या खिशातून तो आला तेवढेच तिथे नाहीत. आम्हाला या पावतीइतका चांगला युक्तिवाद दुसरा सापडत नाही.

'तात्पुरता' या आक्षेपाचं उत्तर शोधायला जरा बाहेर जाऊ, कारण हा प्रश्न जगात पुष्कळांनी आपल्या आधी हाताळलाय. १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्डोबाच्या विद्यार्थ्यांनी बंड केलं, आणि अध्यापक, विद्यार्थी, पदवीधर यांनी मिळून विद्यापीठ चालवायचं ही कल्पना तिथून सगळ्या लॅटिन अमेरिकेत पसरली. जर्मनीत साठच्या दशकाच्या अखेरीला एक-तृतीयांश वाट्याची मागणी झाली, काही राज्यांनी त्या दिशेने कायदे केले, आणि २९ मे १९७३ ला त्यांच्या घटना न्यायालयाने लगाम घातला: अध्यापनाच्या विषयांत प्राध्यापकांची मतं किमान निम्मी हवीत, संशोधन आणि नेमणुकांत निर्णायक. तिथल्या विद्यार्थी चळवळीला हा निकाल पराभव वाटला. आम्हाला त्यातलं अर्धं पटतं. प्राध्यापकाची निवड करताना त्या विषयातल्या माणसाचं मत जास्त वजनाचं असावं, हे मान्य. पण मग उलटंही मान्य करायला हवं. वसतिगृह, परीक्षेचं वेळापत्रक, पुनर्मूल्यांकनाचं शुल्क या विषयांत ज्याचं पोट जळतं त्याचं मत वजनाचं का नसावं? विषयानुसार मताचं वजन बदलतं हे तत्त्व न्यायालयाने एका बाजूने लावलं, दुसऱ्या बाजूने लावायला कुणी हरकत घेतलेली नाही.

मुदतीबद्दल मात्र शिकण्यासारखं आहे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून. तिथलं सर्वोच्च मंडळ म्हणजे रीजंट्स. एकूण २६, त्यातले १८ गव्हर्नरने नेमलेले, त्यांची मुदत तब्बल बारा वर्षं. म्हणजे आपल्यापेक्षाही विषम. १९७४ मध्ये राज्यघटनेत बदल झाला आणि १९७५ पासून मंडळावर एक विद्यार्थी आला, पूर्ण मताधिकारासह, एका वर्षासाठी. एक वर्ष पुरत नाही हे त्यांनाही कळलं. मग त्यांनी काय केलं? विद्यार्थी रीजंट वर्षभर आधीच निवडायचा. त्या वर्षी तो 'नियोजित' म्हणून बैठकांना बसतो, कागद वाचतो, बोलतो, फक्त मत देत नाही. दुसऱ्या वर्षी मत देतो, तेव्हा शेजारी पुढचा नियोजित शिकत बसलेला असतो. या काळात त्याचं शिक्षण शुल्कही माफ. एवढी साधी युक्ती. आपल्याकडे तीन समित्या बसल्या, कायदा झाला, आणि विद्यार्थ्याला एका वर्षात अर्थसंकल्प कसा कळावा याचा विचार कुठे दिसत नाही.

तिथेही सगळं गोड नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये त्या मंडळाने शुल्क ३२ टक्क्यांनी वाढवलं, विद्यार्थी रीजंट मंडळावर असताना. सव्वीसात एक, आणखी काय होणार? पण तो तिथे होता म्हणून विरोधाचा शब्द सभागृहातही गेला, फक्त बाहेरच्या घोषणांत राहिला नाही. आणि नुसतं निवडण्याचा हक्क मिळून भागत नाही याचंही उदाहरण आहे: ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थी दर तीन वर्षांनी आपला रेक्टर निवडतात, आणि कारभार मंडळाचं अध्यक्षपद कायद्याने त्याचं. २०१४ मध्ये त्यांनी एडवर्ड स्नोडेनला निवडलं. तो रशियात अडकलेला, एकदाही येऊ शकला नाही. जगाला द्यायचा तो संदेश जोरात गेला, पण तीन वर्षं मंडळातली विद्यार्थ्यांनी निवडलेली खुर्ची रिकामी. आपली रिकामी खुर्ची निदान आपण निवडलेली नाही, एवढंच समाधान.

तर मग मागायचं काय? 'निवडणुका घ्या' ही मागणी बरोबर आहे, पण अपुरी. उद्या निवडणुका झाल्या तरी सप्टेंबरात येऊन मार्चात बावरून उन्हाळ्यात जाणारे दोन विद्यार्थी मिळतील, आणि दोन वर्षांनी हीच मंडळी म्हणतील, 'बघा, दिलं होतं प्रतिनिधित्व, काही उपयोग झाला नाही.' आम्हाला भीती याची जास्त वाटते. म्हणून मागणी कायद्याच्या मजकुरात हवी. एक वर्ष आधी निवडलेला नियोजित सदस्य हवा. बैठकीची हजेरी ही वर्गाची हजेरी धरली जावी, प्रवासखर्च मिळावा, आणि बैठकीच्या दिवशीचा पेपर पुन्हा देता यावा. व्यवस्थापन परिषदेत परीक्षा, शुल्क, वसतिगृह हे विषय असतील तेव्हा मतासह जागा हवी, कारण अधिसभा वर्षातून दोनदा आणि कामाचा खरा ओघ तिकडे. विद्यापीठ पातळीवरची निवडणूक थेट करा, मुलांच्या हातात मोबाइल आहेत, परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून घेता तर मतही घेता येईल.

आणि सगळ्यात आधी, रिकाम्या खुर्चीची किंमत ठरवा. त्या वर्षीच्या विद्यार्थी प्रतिनिधींची निवड झाली नसेल तर पावतीवरच्या त्या बारीक ओळींत एका रुपयाचीही वाढ अधिसभेला करता येऊ नये, एवढी एक ओळ कायद्यात घाला. सरसकट सभा बेकायदा ठरवू नका, तेवढाच विषय अडवा. मग बघा, कोविड असो की विधानसभा, निवडणुकीची तारीख दर वर्षी कशी वेळेवर लागते ते. हे टोकाचं आहे असं इथे बसलेल्या काही प्राध्यापक मंडळींना वाटत असेल, चेहऱ्यांवर दिसतंय. त्यांनी याहून सौम्य पण तितकाच चालणारा उपाय सुचवावा, आम्हाला आवडेल.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचे घेऊ, मागच्या रांगेतून सुरुवात करू.